निळ्या स्क्रूजवळचा ओरखडा

घड्याळ घ्यायला आलेल्या माणसाला घड्याळ सोडून बाकी सगळं विकायचं, ही अक्कल ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली, त्याला कवळीवाला रोज सकाळी दात घासता घासता शिव्यांची लाखोली वाहायचा.

कवळीवाला म्हणजे दातांच्या लॅबमधला कारागीर. तोंडात हात घालणारे डॉक्टर वेगळे. हा त्यांच्यामागे, नळाच्या आणि पॉलिशच्या मोटरच्या आवाजात बसून, त्यांनी पाठवलेल्या साच्यांवरून कवळ्या आणि कॅपा बनवायचा. वय पन्नाशीच्या पुढे, हात स्थिर, आणि डोक्यात दातांखेरीज एकच किडा वळवळत असायचा, तो घड्याळांचा. तीही बॅटरीची नव्हेत. चावीची, आतून टिकटिकणारी, पाठीमागून बघत राहावी अशी.

हा किडा मामांनी सोडलेला. मामा साठ वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. झेरॉक्सचं दुकान आणि चपला सांधणाऱ्याची टपरी यांच्या मधे एक बोळाएवढी जागा, तिथे त्यांचं बाक. एका वेळी दोनच माणसं मावतील, आणि त्यातलं एक जाडं असलं तर तेवढीही नाहीत. त्या बाकावर एक रीत होती. दुरुस्त झालेल्या घड्याळाचं पाठचं झाकण लावण्याआधी ते दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून जायलाच हवं. आपल्या डोळ्याला आपलं काम नेहमी गोड दिसतं, असं मामा म्हणायचे. दुसऱ्याने भिंग लावून सगळं बघायचं आणि एकच शब्द बोलायचा, "स्वच्छ." तो शब्द आला की झाकण बंद, वाद नाही. नाही आला तर घड्याळ पुन्हा उघडं, आणि तेव्हाही वाद नाही.

गेली तीस वर्षं तो दुसरा डोळा कवळीवाल्याचा होता. लॅबमधून सुटला की तो बाकावर जायचा. एकदा मामांनी आठवडाभर खपून जुळवलेल्या घड्याळात त्याला पापणीच्या केसाएवढा धागा दिसला. त्याने तोंड मिटून ठेवलं, बस्स. मामा पुन्हा चिमटा घेऊन बसले, आणि उठताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खोटं बोलला असतास तर कान उपटला असता."

बाकाच्या वर भिंतीला एक पिवळा पडलेला कागद टाचलेला होता. कुठल्याशा जुन्या माहितीपत्रकातलं पान. त्यावर एका घड्याळाच्या आतला भाग छापलेला. पट्ट्यांच्या कडा हाताने घासून आरशासारख्या केलेल्या आणि स्क्रू निळे, विस्तवावर तापवून निळे केलेले. मामांच्या हाताखालून हजारो घड्याळं गेली, पण त्या कंपनीचं एकही नाही. तसली घड्याळं वापरणारी माणसं बोळात येत नाहीत.

"हात नाही लावायचा मला," मामा म्हणायचे. "नुसतं एकदा आतून बघायचंय. त्या कडा खरंच तशा असतात की छापणाऱ्याने थापा मारल्यात, ते बघायचंय."

आता कंपनी तेच घड्याळ पाठीला काच बसवून पुन्हा बनवत होती. म्हणजे न उघडताच आत बघता यावं असं. आणि नेमके याच वेळेला मामांचे डोळे चालले होते. डावा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याचा पडदा झिजत होता. डॉक्टरने सांगितलं, वर्ष निघेल, फार तर थोडं पुढे. मामांनी ते ऐकलं आणि चष्मा पुसून परत घातला. "चांगल्या उजेडात अजून सगळं दिसतं," म्हणाले. "ज्या दिवशी डोळा मला फसवेल, त्या दिवशी चिमटा खाली ठेवीन. उगाच कुणाच्या घड्याळाची वाट लावायची नाही."

म्हणून कवळीवाल्याने ठरवलं, ते घड्याळ घ्यायचं. आयुष्यभर साठवलेलं होतं, मुलगी नोकरीला लागली होती, बायकोने एकदाचं "घ्या बाई, आणि सुटा" म्हटलं होतं. आता अडचण ती काय असणार? त्या भाबड्याला वाटलं, दुकानात जायचं, पैसे द्यायचे, वस्तू घ्यायची. भाजी घेतात तसं.

पहिल्या दिवशी तो मामांनाच घेऊन गेला. दारातला रखवालदार आधी मनगटाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. मामांच्या मनगटावर काहीच नव्हतं. घड्याळजी स्वतः घड्याळ घालत नाही, त्याला दिवसभर पन्नास घड्याळं वेळ सांगतात. रखवालदाराला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. दार उघडलं, पण अर्धंच.

आत गालिचा इतका मऊ की पाय रुततोय की काय असं वाटावं, आणि सगळीकडे अत्तराचा इतका दर्प की कवळीवाल्याला शिंका आल्या. मॅनेजर पुढे आला. मखमली कोट, मखमली आवाज, बोलताना एक हात छातीवर. कवळीवाल्याने मनातल्या मनात तिथेच त्याचं बारसं केलं, मखमल्या.

"बोला सर, आजचा आपला प्रवास कसा सुरू करू या?"

प्रवासाची तयारी करून कोण आलं होतं? कवळीवाल्याने सरळ घड्याळाचा नंबर सांगितला. कंपनीच्या यादीतला, शेवटच्या टिंबासकट. वेडी माणसं तशीच बोलतात. त्यांना नाव सुचत नाही, नंबर तोंडात येतो. मखमल्याच्या भुवया किंचित वर गेल्या आणि परत खाली आल्या.

ते घड्याळ तिथेच होतं. कपाटात, दिव्याखाली, त्यांच्यापासून दोन हातांवर. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर थिजलेले, जाहिरातीत असतात तसे.

"डिस्प्लेचा पीस आहे सर. फक्त बघण्यासाठी."

"बघायचंच तर आहे," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून भिंग काढलं. "जरा पालथं करून दाखवता? हात लावत नाही मी."

"सॉरी आजोबा. तो पीस बाहेर काढता येत नाही. आणि भिंगाची परवानगी नाही."

"मग बघण्यासाठी म्हणजे कशासाठी?"

मखमल्या हसला. शेजारी एक जोडपं बसलं होतं, त्यांच्यापुढे सरबताचे उंच ग्लास होते. मामा ऐंशीच्या घरातले, काठी टेकून उभे. बसा असं कुणी म्हटलं नाही. कपाटाच्या काचेला नाक लावून ते उजवा डोळा बारीक करून बघत राहिले, पण घड्याळाची पाठ पलीकडे होती. शेवटी काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं जमलं, तेव्हा एक मुलगी फडकं घेऊन आली आणि मामा तिथून हलायच्या आतच काच पुसायला लागली.

कवळीवाल्याला शिसारी आली. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्याने विचारलं, "नाव नोंदवून ठेवायचं का? यादी असेल ना?"

"यादी म्हणजे रांग नव्हे सर," मखमल्या म्हणाला. "यादी म्हणजे नातं. आम्ही घड्याळ विकत नाही, नाती जोडतो."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायको भांडी पुसत होती. "नाती जोडतो म्हणे. मग सरळ सोयरीक करा म्हणावं, निदान मानपान तरी होईल."

पुढचे तीन महिने तो दर शनिवारी जात राहिला. दर वेळी तेच हसू, तेच "या वर्षी पुरवठा फार कमी आहे सर." एका शनिवारी कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी फोन घ्यायला उठली आणि पडदा त्याच्याकडे वळलेला राहिला. कवळीवाल्याची नजर कॅपवरची चीर हातभर अंतरावरून टिपणारी. त्याने स्वतःच्या नावाखाली लिहिलेलं वाचलं. "नंबराने बोलतो. सोबतचा म्हातारा भिंग बाळगतो. खोलात प्रश्न. दलाल असावा. देऊ नये."

तो बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. तीस वर्षं ज्या गोष्टीला जीव लावला, त्या जीव लावण्यालाच हे लोक चोराची खूण समजत होते! ज्याला घड्याळातलं कळतं तो नक्की पुढे चढ्या भावाने विकणार, आणि ज्याला काही कळत नाही तो सज्जन. त्याला किळस आली. त्या वेळी निदान ती फक्त त्यांचीच आली.

मग त्याने न कळण्याचं सोंग घ्यायला सुरुवात केली. अडाणी होणं फार अवघड असतं, विशेषतः तोंडाशी आलेला शब्द गिळून. "ते निळसर दिसतं ना, गोल, ते छान आहे हो," असं तो म्हणायचा. चावीच्या घड्याळाला "याची बॅटरी किती दिवस जाते?" असं त्याने एकदा विचारलं, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा सरबत मिळालं. मखमल्याने त्याला शेजारी बसवून समजावलं, तेही चुकीचं. स्प्रिंग कुठे असते हे त्या मखमलीला माहीत नव्हतं. कवळीवाला मान डोलावत राहिला आणि सरबत प्यायला. गोड मिट्ट होतं.

नातं जोडायचं म्हणजे काय, तेही हळूहळू उलगडलं. आधी एक चामड्याचं पाकीट. मग टेबलावर ठेवायचं एक अवजड घड्याळ, ज्यात हवेतला दमटपणा दिसायचा, चंद्र दिसायचा, वेळ तेवढी शोधावी लागायची. मग बायकोसाठी कानातले. ते तिने डबीतून काढून उजेडात धरले.

"मी मागितले होते?"

"नाही. पण घ्यावे लागतात. त्यांच्याकडे आपला इतिहास तयार होतो."

"इतिहास!" तिने डबी बंद केली. "अहो, ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पाहिली होती. तुम्ही तर ताक मागायचंच सोडून भांडी विकत घेताय."

तिचं खरं होतं. त्यालाही ते कळत होतं. पण मामांच्या बाकावर आता दुसरा दिवा लागला होता, आणि मामा एकच स्क्रू दोनदा बघायला लागले होते.

आठव्या महिन्यात मखमल्याच्या हातात त्याचा फॉर्म आला. "व्यवसाय" या रकान्यात काय लिहिलंय ते त्याने वाचलं आणि त्याचे डोळे लकाकले. त्याने कवळीवाल्याला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि ओठ वर करून पुढचे सहा दात दाखवले.

"सर, याचं काही करता येईल?"

दात चांगले होते. जरा पिवळट, एक किंचित वाकडा, माणसाचे असतात तसे. एकालाही कीड नव्हती.

"याला काही करायची गरज नाही," कवळीवाला म्हणाला. "कॅपा बसवायच्या तर चांगले दात घासून बारीक करावे लागतील. ते परत येत नाहीत."

"समोर गिऱ्हाईक येतं सर. हसू हीच आमची पुंजी." मग मखमल्या कोटाच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकत म्हणाला, "पुढच्या खेपेत एखादा पीस येईल असं दिसतंय. कुणाला द्यायचा, ते अजून ठरलेलं नाही."

एवढ्यावर कवळीवाला उठून जाऊ शकला असता. तो उठला नाही. ओळखीच्या डॉक्टरकडे मखमल्याचे सहा धडधाकट दात घासले गेले, आणि साचा लॅबमध्ये आला. दातांच्या रंगांची पट्टी असते, तिच्यावर मखमल्याने सगळ्यात टोकाचा पांढरा निवडला होता. निसर्गाने माणसाच्या तोंडात तो रंग कधीही घातलेला नाही. तसले दात कवळीवाल्याने उभ्या जन्मात बनवले नव्हते. बाथरूमच्या फरशा लावायच्या तर गवंड्याकडे जा, असं तो डॉक्टरांना तोंडावर सांगायचा. या वेळी त्याने ते बनवले. फुकट बनवले, जीव ओतून बनवले, आणि पॉलिश झालेली ती सहा पांढरी शकलं पुन्हा न बघताच डबीत टाकली.

अकराव्या महिन्यात फोन आला. "अभिनंदन सर! आपलं घड्याळ आलंय."

मामांनी इस्त्रीचा सदरा घातला. भिंग रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. गाडीत बसल्यावर दोनदा चाचपून पाहिलं, आहे ना. "डॉक्टर म्हणतो ते म्हणू दे," ते म्हणाले, "सकाळच्या उजेडात आज अगदी लख्ख दिसतंय." त्यांनी समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली, खालच्या बारीक अक्षरांसकट.

या वेळी दार पूर्ण उघडलं. आतल्या खोलीत मामांना खुर्ची मिळाली, सरबत मिळालं. एका ट्रेवर मऊ कापडात घड्याळ आलं. मखमल्याने पांढरे हातमोजे घातले होते आणि दात त्याहून पांढरे होते. नियम असा होता की घड्याळावरची संरक्षक फिल्म इथेच सोलायची, गिऱ्हाइकाच्या हातात घालायची आणि फोटो काढायचा, म्हणजे ते नवं म्हणून कुणाला पुढे विकता येऊ नये. त्याने पुढची फिल्म सोलली. मागची सोलताना कवळीवाल्याला दिसलं, तिची एक कड आधीच सुटलेली होती आणि सुटलेल्या कडेला धूळ चिकटली होती. त्याने ते दिसलं नाही असं केलं. सोंगाची आता सवय झाली होती.

"आजोबांनी बघायचं होतं ना? घ्या, आज भिंग लावून बघा," मखमल्या उदारपणे म्हणाला.

मामा खिडकीपाशी गेले. भिंग उजव्या डोळ्यात बसवलं, घड्याळ पालथं केलं आणि श्वास रोखून बघायला लागले. त्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर हळूहळू असं काही पसरत गेलं की कवळीवाल्याला वाटलं, पाकीट, कानातले, सहा दात, सगळं वसूल झालं.

"थापा नव्हत्या रे," मामा पुटपुटले. "कडा बघ. पाणी आहे नुसतं, पाणी. हाताने केलंय कुणीतरी. बसून केलंय."

मग त्यांनी मान थोडी तिरकी केली, घड्याळ उजेडाकडे फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"हे कुणीतरी उघडलंय."

"काय म्हणालात?" मखमल्याने विचारलं.

"तिसरा स्क्रू. खाचेची कड दबलीय. आणि शेजारी पट्टीवर तिरपा ओरखडा. स्क्रू-ड्रायव्हर सटकलाय कुणाचा तरी. कारखान्यातला हात नव्हे हा. घाईचा हात आहे."

"शक्यच नाही, आजोबा. सील तोडून आपल्यासमोर..." मखमल्या थांबला आणि कवळीवाल्याकडे वळला. आवाजातली मखमल जरा झडली होती. "सर, तुम्ही बघून घ्या. शंका असेल तर आग्रह नाही. मी पीस परत पाठवतो. यादीत पुढचे आहेतच. तुमचा नंबर मग... बघू, येईल कधीतरी." आणि तो हसला. कवळीवाल्याने स्वतःच्या हातांनी केलेल्या दातांनी तो त्याच्या तोंडावर खोटं बोलत होता.

मामांनी भिंग काढून पुढे धरलं. बाकावर धरायचे तसंच, अंगठा आणि दोन बोटांत. "बघ रे."

कवळीवाल्याने भिंग लावलं. शोधावं लागलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिसऱ्या निळ्या स्क्रूची खाच एका बाजूने चेपलेली होती, निळाई तिथे खरवडून खालचं पोलाद दिसत होतं, आणि त्या चकचकीत पट्टीवर एक तिरपा ओरखडा होता. कुणीतरी हे नेलं होतं, उघडून बघितलं होतं किंवा काही बदललं होतं, आणि परत आणून दिलं होतं. आणि आता ते नवं म्हणून, अभिनंदन करून, त्याच्या गळ्यात मारत होते.

तो भिंग लावून वाकलेलाच राहिला. बोललो तर घड्याळ गेलं, हे त्याला कळत होतं. अकरा महिने गेले. मामांचा डोळा काही यादीत थांबणार नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण मामांचं तर पाहून झालं होतं. त्यांना जे हवं होतं ते आत्ताच, या खिडकीत, फुकटात मिळालं होतं. मग आता हे घड्याळ कुणाला हवं होतं? हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला, आणि त्याने तो गिळला. गेल्या काही महिन्यांत गिळलेल्या बाकीच्या गोष्टींसारखाच तोही खाली गेला.

त्याने भिंग काढलं.

"स्वच्छ," तो म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

"धूळ असेल," तो मखमल्याकडे बघत म्हणाला. "मामांना हल्ली नीट दिसत नाही. वय झालं."

"अर्थातच," मखमल्या म्हणाला. "होतं असं." आणि मखमल लगेच परत आली.

मामा हळूच खुर्चीत बसले. त्यांनी सरबताचा ग्लास उचलला, तो ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. फोटो काढताना त्यांना मधे बसवलं. फोटोत मखमल्या हसतोय, कवळीवाला हसतोय, आणि मामा कॅमेऱ्याकडे न बघता आपल्या हातांकडे बघतायत.

परतताना गाडीत मामांनी एकदाच विचारलं, "धूळच होती ना?"

देवाने दुसरी संधी दिली होती. कवळीवाल्याच्या मनगटावर घड्याळ टिकटिकत होतं. गाडी सिग्नलला थांबली होती, बोलायला वेळ भरपूर होता.

"हो, मामा."

"असं होय," मामा म्हणाले. वाटेतल्या पाट्या त्यांनी परत वाचल्या नाहीत.

घरी बायकोने मनगट पाहिलं. "आलं ना एकदाचं? मग असं सुतक आल्यासारखं तोंड का? हसा की आता."

तो हसला नाही. पुढचे चार दिवस तो दिवसातून दहा वेळा घड्याळ काढून पालथं करायचा. लॅबमध्ये दिवा त्यावर वळवायचा. एखाद वेळेला ओरखडा नसेल, अशी वेडी आशा असायची. ओरखडा तिथेच असायचा. घड्याळ मात्र सेकंदाचाही फरक न करता चालत होतं. त्याला त्या घड्याळाची किळस येत होती, पण हात धुवायला उठला तेव्हा त्याला कळलं, ती घड्याळाची नव्हती. मामांना जाऊन सांगायचं, त्याने ठरवलं. कान उपटतील, उपटू देत. शिव्या देतील, देऊ देत.

रविवारी तो बोळात गेला. बाकावर दिवा नव्हता. भिंतीवरचा पिवळा कागद काढलेला, चार टाचण्या तेवढ्या राहिलेल्या. मामा स्टुलावर बसून दुरुस्तीला आलेली घड्याळं लहान लहान पाकिटांत घालत होते, प्रत्येकावर मालकाचं नाव. चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, तेलाच्या कुप्या एका जुन्या टॉवेलात गुंडाळून झाल्या होत्या.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "ही एवढी पोचती करायला मदत कर. न करता परत देतोय म्हणून माफी माग माझ्या वतीने."

"मामा, हे काय?"

"ठरलं होतं ना आपलं? डोळा फसवेल त्या दिवशी चिमटा खाली. त्या दिवशी तू होतास म्हणून बरं. एकटा असतो तर धड घड्याळाला खोटं पाडलं असतं मी. चार लोकांत तुझी शोभा झाली असती."

कवळीवाला खालीच बसला, त्या अरुंद जागेत, गुडघे पोटाशी घेऊन. त्याने घड्याळ काढून बाकावर पालथं ठेवलं.

"मामा, ओरखडा आहे. तिसरा स्क्रू. तुम्हाला बरोबर दिसलं होतं. मी खोटं बोललो. मला घड्याळ हवं होतं म्हणून खोटं बोललो. माझी मलाच घाण वाटते."

मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावर फार मायेचं हसू आलं.

"वेडा आहेस. माझं बाक बंद होतंय ते बघवत नाही तुला."

"नाही, मामा! देवाशपथ! तुम्ही बघा ना, आत्ता बघा!"

मामांनी टॉवेलातून भिंग काढलं. डोळ्यात बसवलं, घड्याळ घेऊन बोळाच्या तोंडाशी उजेडात गेले. तसेच उभे राहिले, मान तिरकी करून. झेरॉक्सचं मशीन शेजारी घरघरत होतं.

"खाचेची कड दबलेली," ते म्हणाले. "शेजारी तिरपा ओरखडा."

"तेच सांगतोय मी! आहे तो!"

"मला दिसतोय रे. त्या दिवशी दिसला, आताही तिथेच दिसतोय." मामांनी भिंग काढलं आणि डोळा चोळला. "पण तू भिंग लावून स्वच्छ म्हणालास. तीस वर्षांत तो शब्द तू कधी उगाच बोलला नाहीस. मग खोटं कोण बोलतंय? माझा डोळाच ना? आता दया येऊन हो ला हो करू नकोस."

कवळीवाला बोलत राहिला. पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं, मखमल्याच्या दातांचंही सांगितलं. मामा लहान पोराची समजूत घालावी तशी मान हलवत राहिले. मग त्यांनी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं, पट्टा नीट बसवला, आणि भिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली.

"ठेव तुला," मामा म्हणाले. "तुझा डोळा चांगला आहे. फक्त आता तुझ्यासाठी दुसरा डोळा शोध कुणीतरी."